शेवटचं झाड सोडून

काल वहिनींनी, म्हणजे मी ज्यांच्याकडे कामाला आहे त्यांनी, जाड ब्लँकेटं धुऊन कपाटावर ठेवायला सांगितली. म्हणजे इथली थंडी संपली. आता आठ-पंधरा दिवसांत वारा सुटेल, आकाश मातकट होईल आणि खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून ठेवावी लागतील. तरी संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की पिठासारखी धूळ निघेल. इथले लोक या दिवसांना काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी त्यांना मोगऱ्याचे दिवस म्हणते, आणि तेही मनातच.

शुक्रवारी अब्बासियात, इथल्या मल्याळी लोकांच्या वस्तीत, गेले होते. केरळच्या दुकानदाराने दारातच थर्माकोलचा खोका उघडून ठेवला होता. ओल्या केळीच्या पानात गजरे होते. वर्षातले पहिले. तो मला चेची म्हणतो, म्हणजे मोठी बहीण. त्याला माझं नाव माहीत नाही, पण मी गजरा नाकाला लावत नाही, उलटा करून देठ बघते, हे त्याला पाठ आहे. "चेची, आज का है," तो म्हणाला. मी देठ बघितला. आजचा नव्हता, कालचाही नव्हता. ऊन वर आल्यावर खुडलेली कळी होती. अशा कळीच्या टोकाला चहाच्या डागासारखी कड येते. मी काही बोलले नाही. दोन गजरे घेतले. तो हसला, त्याला कळलं होतं.

हे गजरे आमच्याकडचे नाहीत. विमानाने येतात, दक्षिणेकडून कुठून तरी. आमचा मोगरा टोपलीतून वडापच्या जीपने तालुक्याला जातो आणि तिथून पुढे शहरात. तो समुद्र ओलांडून येणार नाही हे मला कळतं. तरी दर वर्षी पहिल्या खोक्यापाशी मी वाकते आणि देठ बघते.

आमचं शेत म्हणजे डोंगराच्या पायथ्याची वरकस जमीन. खाली भाताची दोन खाचरं, वर माळ. माळावर आयस, म्हणजे माझी आई, नागली करायची. दोन वर्षं नागली, मग जमीन सोडून द्यायची. बाबस म्हणायचा, जमीन दमते, तिला बसू दे. आम्ही वारली. जमिनीला आम्ही आई म्हणतो, पण तिची आरती करत नाही. खणायच्या आधी तळहात टेकवतो, एवढंच. नागली कापताना शेवटचा झुपका आयस कधी कापायची नाही. मी लहान असताना विचारलं होतं, हा कुणाचा. आयस म्हणाली, "ज्याचा असल तो येल." मग मी दोन दिवस बांधावर बसून राहिले. चिमण्या आल्या, एक उंदीर आला, मुंग्या आल्या. मालक म्हणून कुणी आलं नाही. मी आयसला तसं सांगितलं तर ती इतकी हसली की तिच्या हातातला विळा खाली पडला.

मोगरा आयसने पाहिला नाही. ती गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी आणि शिनवारने लावला. शिनवार माझा धाकटा भाऊ, मला बाय म्हणतो. शनिवारी जन्मला म्हणून शिनवार, मी बुधवारची म्हणून बुधी. आमच्याकडे नावासाठी फार विचार करत नाहीत. तालुक्याच्या रोपवाटिकेतून साठ कलमं आणली होती. माळावर खड्डे घेतले, नाल्याकडून सुरुवात करून. पहिल्या ओळीत चौदा झाडं बसली. खड्ड्यांआधी दोघांनी हात टेकवले. पहिल्या वर्षी कळ्या आल्या तेव्हा पहिली टोपली गावदेवीपाशी आणि शेतात ठेवली, विकली नाही. आणि खुडत खुडत ओळीच्या टोकाला आलो तेव्हा चौदाव्या झाडापाशी दोघंही थांबलो. कुणी काही ठरवलं नव्हतं. शिनवार म्हणाला, "ह्या राहू दे." तेव्हापासून प्रत्येक ओळीतलं शेवटचं झाड आम्ही खुडत नाही. संध्याकाळी त्या झाडांवर फुलं उघडायची आणि सगळा माळ घमघमायचा. बाकीची झाडं हिरवीच असायची, त्यांचं फूल कुठे तरी लांब शहरात उघडत असायचं.

माळाच्या वरच्या बांधावर मोहाचं झाड होतं. बाबसच्या बाबसच्याही आधीचं. मोगऱ्याचा आणि मोहाचा मोसम एकच. पहाटे आम्ही मोगरा खुडायचो आणि त्याच वेळी वरून मोहाची फुलं पडत असायची, टप टप, जाड थेंबासारखी. एका हाताला मोगऱ्याचा गार वास आणि डोक्यावर मोहाचा उबदार, गुळचट. मोहाखाली दहा पावलं आम्ही कधी नांगर घातला नाही. तिथे आयस बसायची. मला पाठीला बांधून नागली निंदता निंदता ती तिथेच दम खायला यायची.

कळी खुडायची एक रीत आहे. आज संध्याकाळी जी उघडणार तीच घ्यायची. ती पांढरी असते, पण नुसती पांढरी नाही, आतून दिवा लावल्यासारखी. उद्याची कळी किंचित हिरवट दिसते, तिला हात लावायचा नाही. देठ दोन बोटांत धरून नखाने नाही, बोटाच्या मांसाने वाकवायचा. टक असा आवाज येतो. फार बारीक. पण पहाटे दोघं दोन ओळींत असले की तो ऐकू येतो. मी आणि शिनवार तास तास बोलायचो नाही. त्याची टक टक कुठवर आली त्यावरून तो कितव्या झाडाशी आहे ते मला कळायचं.

मग मी इथे आले. उन्हाळ्यात विहीर आटायची, ती खोल करायला पैसे हवे होते. वहिनींच्या आईकडे नाशिकला मी आधी दोन वर्षं कामाला होते. साहेबांना, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, इथे आखातात तेलाच्या कंपनीत नोकरी लागली, त्यांची मुलगी सई तेव्हा चार महिन्यांची होती. वहिनी म्हणाल्या, बुधी येशील का. मी गप्प राहिले नाही, येते म्हणाले. तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं. फरवानियात चौथ्या मजल्यावर घर. पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत माझा पाय मातीला लागला नाही. फरशी, जिना, डांबर, गाडी. पायांच्या भेगा भरून आल्या, टाचा मऊ झाल्या. वहिनींना ते चांगलं वाटलं. मला वाटलं नाही, पण मी सांगितलं नाही.

मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरातच ती रीत होती. मोठ्या माणसाला किंवा पाहुण्यासमोर नाही म्हणायचं नाही. नको असेल तर गप्प राहायचं. समोरचा समजतो. बाबस होता तेव्हा मला बघायला दोन वेळा लोक आले. दोन्ही वेळा बाबसने सगळ्यांदेखत विचारलं आणि मी अंगठ्याने जमीन उकरत राहिले. बाबस पाहुण्यांना म्हणाला, "पोरगी गप हाय, म्हंजे नाय." पाहुणे भाकरी खाऊन, हसून गेले. कुणाला राग आला नाही. आमच्याकडे गप्प राहणं हे मोठ्याने नाही म्हणण्याइतकंच स्पष्ट असतं.

सई सहा वर्षांची झाली त्या वर्षीचे हेच दिवस. त्या वर्षी थंडीत इथे चांगला पाऊस झाला होता आणि वाळवंट हिरवं झालं होतं. साहेब आम्हाला गाडीतून घेऊन गेले. लोकांनी तंबू ठोकले होते. वाळूत गुडघ्याएवढी झुडपं आणि त्यांवर पिवळी फुलं. मी चपला काढल्या. वाळू वरून कोमट होती, बोटं आत घातली की गार. सईने एका झुडपाची फुलं भराभरा तोडायला घेतली. मी म्हटलं, "सई, शेवटचं ठेव." ती थांबली. "व्हाय?" मी सांगितलं, ज्याचं असेल तो येईल. तिने चार फुलं ठेवली आणि परत निघेपर्यंत गाडीच्या खिडकीतून कोण येतंय ते बघत राहिली. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत खूश होते. आयसचं वाक्य वाळवंटात बोलले होते.

त्याच आठवड्यात शिनवारचं पत्र आलं. तो सातवीपर्यंत शिकलेला, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. लिहिलं होतं की फुलं घेणारा शेठ शेतावर आला होता. तो म्हणतो, मोहाच्या सावलीत वरच्या तीन ओळींची कळी बारीक राहते. मोह काढला तर त्या ओळीही भरतील आणि वर आणखी दोन ओळी बसतील. मोह वेचायला गावातली माणसं, गुरं येतात, त्यांच्या पायाखाली झाडांभोवतीची आळी मोडतात. शेठ झाड पाडायला माणसं पाठवतो म्हणतो. खाली लिहिलं होतं, "जमीन दोघांची हाय. तू सांगशील तसा करू. शुक्रवारी फोनवर सांग." गावात फोन नव्हता. बाजाराच्या गावी दुकानात होता. शिनवार दोन तास चालत यायचा आणि ठरलेल्या वेळी मी इथून लावायचे.

पत्र मंगळवारी मिळालं. माझ्याकडे तीन दिवस होते. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना म्हणून बघायचे. नको. नको, शिनवार. मोह पाडू नको. मिक्सर चालू असला की मोठ्याने म्हणायचे. सई एकदा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, मोहाशी. तिला वाटलं मोह नावाचा कुणी माणूस आहे.

शुक्रवारी साहेबांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली. आधी ठरलेलं नव्हतं. चार घरची माणसं, मुलं. फोन हॉलमध्ये, सोफ्याच्या शेजारी. वेळ झाली तेव्हा मी पदराला हात पुसत कोपऱ्यात उभी राहिले. वहिनींच्या लक्षात आलं, त्या म्हणाल्या, अगं लाव ना, भाऊ वाट बघत असेल. सगळे चांगले होते. मला कुणी काही म्हटलं नाही. एकांनी सरकून जागाही दिली.

शिनवारने उचलला. आधी तब्येत विचारली, मग म्हणाला, "बाय, मोहाचा काय करू?"

माझ्या मागे कुणी तरी गोष्ट सांगत होतं आणि सगळे हसत होते. माझ्या शेजारी दोन पुरुषमाणसं बसलेली. मी खाली बघितलं. अंगठा फरशीवर घासला. फरशी उकरत नाही.

"बाय?" तो म्हणाला.

सई माझा पदर ओढत म्हणाली, "मावशी, से समथिंग ना."

मी गप्प राहिले. मला वाटलं, शिनवारला कळेल. त्याने मला आयुष्यभर पाहिलंय. बाबसने दोन वेळा पाहुणे परत पाठवले ते त्याच्यासमोर. मी अगदी नीट, पूर्णपणे गप्प राहिले, जितकं नाही म्हणता येतं तितकं. मग तो हळू म्हणाला, "बरा," आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन श्रीखंड वाढायला घेतलं. मला हलकं वाटत होतं. काम झालं होतं.

दोन शुक्रवारनंतर परत बोललो. त्या दिवशी हॉल रिकामा होता. तो म्हणाला, मोह पाडला. दोन दिवस लागले, बुंधा फार मोठा होता. मी विचारलं, का. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो खाकरला. मग म्हणाला, "तू गप राहिलीस. मांगं माणसा हसत होती. मला वाटला, बाय आता तिकडची झाली. आता तिला त्याचा काय."

मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार. तो जे म्हणाला ते खोटं आहे, एवढंच सांगायचं होतं आणि तेवढंही मला जमलं नाही. मी म्हटलं, पाऊस यायच्या आत वरचा बांध घालून घे.

त्या मोसमात इथे धूळ फार होती. दिवसा दिवे लावावे लागत. मी सगळी कामं करत होते, सईच्या वेण्या घालत होते, डबे भरत होते. पण पहाटे जाग आली की वाटायचं, तिकडे आता खुडायला सुरुवात झाली असेल आणि वरून काहीच पडत नसेल. मी मनात शेतावर जायचे ती नेहमी नाल्याकडून वर चढत. मोहापाशी पोचले की बसायचे. आता चढून वर गेले की बसायला जागा सापडायची नाही आणि मी तशीच उभी राहायचे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वहिनींनी एकदा विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, धुळीने डोळे चुरचुरतात. त्यांनी औषधाचे थेंब आणून दिले. मी ते रोज घालत राहिले, बाटली संपेपर्यंत.

साहेबांनी त्या वर्षी शुवैखकडच्या नर्सरीतून मोगऱ्याची कुंडी आणून दिली. मी काहीच बोलत नाही म्हणून वहिनींनीच सांगितलं असणार. इथे अरबीत मोगऱ्याला फुल म्हणतात, नर्सरीवाल्याने तसं सांगितलं म्हणे. बाल्कनीत ठेवली. कुंडीत एकच झाड. त्यामुळे मला कधी कळलं नाही की ते पहिलं आहे की शेवटचं. मी ते खुडलं नाही. उन्हाळ्यात गरम वाऱ्याने त्याची पानं पापडासारखी झाली, पण मुळं जगली. दर वर्षी परत येतं.

पुढच्या वर्षी मला रजा मिळाली. विहीर खोल झाली होती, पाइप आले होते. शेठचं म्हणणं खोटं नव्हतं, वरच्या ओळींची कळी भरली होती. पण बांध मात्र आदल्या पावसात खचला होता. मोहाच्या मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली होती आणि वर नवीन लावलेली अर्धी ओळ नाल्यात गेली होती. शिनवार ते मला दाखवत नव्हता. तो मला विहीर दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच वर गेले. बुंधा पायरीएवढा उरला होता, कडेने काळा पडलेला. माझ्या मऊ टाचांना खडे टोचत होते. मी खाली बसले, आयस बसायची त्या बाजूला, आणि बुंध्यावर हात टेकवला. किती वेळ ते माहीत नाही. ऊन पाठीवर आलं. मागे पावलं वाजली आणि थांबली. मी वळून बघितलं नाही. अंगठ्याने जमीन उकरत होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

शिनवार बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "म्हंजे तवा नाय होता."

मी गप्प राहिले.

तो खाली बसला, माझ्या पलीकडे, बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला. त्याने डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं. त्याची बायको जानी जेवायला बोलावत होती, दोघांनीही ओ दिली नाही. शेवटी तोच उठला. म्हणाला, "आता फोनवर गप नको राहू, बाय. फोनला डोळं नाय." मला हसू आलं आणि त्यालाही आलं. त्यानंतर आम्ही त्या गोष्टीवर बोललो नाही.

पावसाच्या तोंडावर त्याने त्याच बांधावर मोहाचं रोप लावलं. मी तेव्हा परत इथे आले होते. मोह फुलावर यायला दहा-बारा वर्षं लागतात, कधी जास्त. मी मोजत नाही.

त्या गोष्टीला आता पुष्कळ मोसम झाले. सई शिकायला कॅनडाला गेली. तिच्या खोलीचा पलंग मी दर गुरुवारी झटकते. साहेब उशिरा येतात, वहिनी टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात. दुपारी घर इतकं शांत असतं की फ्रिज बंद पडला तर मी दचकते. दोन वर्षं म्हणून आलेली मी अजून इथे आहे. आधी विहीर होती, मग घराचं छप्पर, मग शिनवारच्या मुलांची शाळा. आता कारण काय हे मला कुणी विचारलं तर मी बहुतेक गप्प राहीन.

पण आता गावात मोबाइल आला आहे. दर शुक्रवारी पहाटे मी लावते. इथले पाच, तिकडचे साडेसात. खुडणीचा शेवटचा तास. मी बाल्कनीत कुंडीशेजारी पाटावर बसते. खाली मशिदीकडून परतणारी माणसं दिसतात. पहिल्यांदा आम्ही बोलतो. पाणी किती, शेठ काय म्हणतो, नवा मोह आता कुठवर आला. छपराच्या वर गेला, असं मागे म्हणाला होता. मला नको असेल ते मी आता नको म्हणते. औषधाची फवारणी नको म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, अरे बापरे, बाय बोलली. मग बोलणं संपतं. फोन ठेवत नाही. तो मोबाइल सदऱ्याच्या खिशात टाकतो आणि ओळीत शिरतो.

आज तो नाल्याकडच्या पहिल्या ओळीत होता. कापड घासल्याचा आवाज, त्याचा श्वास, लांब कुठे तरी जानीची बांगडी. मग टक. टक टक. टक. तीन पावलं, परत टक टक. मी डोळे मिटून झाडं मोजत होते. सात. आठ. अकराव्यापाशी तो खोकला. बाराव्यावर कळ्या जास्त असाव्यात, बराच वेळ लागला. तेरा.

मग तीन पावलं.

मी फोन कानाशी दाबून धरला. कापडाचा आवाज नाही, टक नाही. तो उभा होता. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळाने परत पावलं वाजली, वळल्यासारखी, आणि पुढच्या ओळीतली पहिली कळी खुडल्याचा आवाज आला.